कोणत्या योजनेचा फोटो?

मानोरा गावात फोटो काढण्यासारखं आहे तरी काय, हा प्रश्न मला मुंबई-पुण्याच्या माणसानं कधी विचारला नाही. तो मानोऱ्यातच विचारला जातो, आणि तोही काळजीपोटी. निवृत्त शिक्षक भर दुपारी तहसीलच्या कुंपणाकडे फोन रोखून उभा आहे म्हटल्यावर गावाला काळजी वाटणारच. "सर, अभयारण्यात जा ना, काळविटं हायेत. पोहरादेवीले जा. इथी काय ठेवलं?" असा सल्ला पानठेल्यावरून मिळतो. सल्ला देणारा स्वतः कित्येक वर्षं त्याच ठेल्यावर बसून समोरचा तोच रस्ता बघतो आहे आणि त्याला अजून कंटाळा आलेला नाही, ही गोष्ट मी त्याच्या लक्षात आणून देत नाही.

निवृत्त माणसापुढे आमच्या भागात ठरलेले रस्ते असतात: वावर, राजकारण, पारायण आणि शुगर. पहिल्या तिघांतून निवड करता येते, चौथी आपण होऊन येते. मला वावराचा सराव नाही, राजकारणाला लागणारा आवाज वर्गात खर्च झाला आणि पारायणाला बसलो की डुलकी लागते. तेवढ्यात मुलीनं पुण्याहून नवा फोन पाठवला. त्याच्या पाठीवर तीन कॅमेरे. "माणसाले दोन डोळे पुरतात, याले तीन कायले?" असं घरातून विचारलं गेलं. त्या तिसऱ्या डोळ्याचं समर्थन करता करताच मला हा छंद लागला. दिवसाकाठी एक फोटो काढायचा. एकच. गावातल्या स्टुडिओत त्याची कागदावर प्रत काढून घ्यायची आणि शाळेत वापरतात तसल्या लांब रजिस्टरात चिकटवायची. खाली तारीख, जागा आणि एक ओळ. मुलगी म्हणते, "बाबा, हे सगळं ऑनलाइन टाका, जग बघेल." पण रजिस्टराचा एक फायदा आहे. ते बघायचं तर माणसाला घरी यावं लागतं, आणि घरी आला की चहा होतो.

'इथी काय ठेवलं?' याला माझ्याकडे उत्तर आहे, फक्त ते पानठेल्यावर देण्याजोगं नाही. कॅमेऱ्यानं टिपलेलं आणि आजवर टिकलेलं जगातलं सर्वांत जुनं छायाचित्र १८२६-२७ च्या सुमाराचं. फ्रान्समधल्या सँ-लू-द-व्हारेन नावाच्या खेड्यात नीसेफोर निएप्स या गृहस्थानं ते काढलं. त्यात राजवाडा नाही, राणी नाही, पर्वत नाही. माडीवरच्या खिडकीतून घराच्या मागच्या बाजूला जे दिसत होतं ते आहे: कोठाराचं उतरतं छप्पर, कबुतरखाना, एक झाड. कथलाच्या मिश्रधातूचा पत्रा, त्यावर डांबराचा लेप, आणि तो उन्हात कमीत कमी आठ तास उघडा. काही अभ्यासक तर काही दिवस लागले असं मानतात. त्यामुळे त्या चित्रात ऊन समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर एकदमच पडलेलं दिसतं. पुढे तो पत्रा नाहीसा झाला. १९५२ मध्ये तो एका ट्रंकेत सापडला, आणि आता अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात मोठ्या बंदोबस्तात आहे. म्हणजे छायाचित्रांच्या कुळाचा मूळपुरुष कोण, तर खेड्यातलं मागचं अंगण. आमच्या स्लॅबवरून वेगळं काय दिसतं? टिनाची छपरं, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड, तिरकी झालेली डिश, वाळत घातलेली ताडपत्री. निएप्सच्या खिडकीपेक्षा माझ्याकडे एक पाण्याची टाकी जास्तच आहे.

फ्रान्स लांब वाटत असेल तर आपले दादासाहेब फाळके आहेत. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्र-तारामती उभे केले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात दाण्याचा कोंब आणि कोंबाचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट. पैसे घालणाऱ्यांचा विश्वास त्या वाटाण्यानं मिळवून दिला. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला तो त्या वेलाला धरून. दिवसाला एक चित्र ही काही आजच्या पोरांची टूम नाही. आणि वाटाण्यात एवढं असेल तर आमच्या तालुक्यात सोयाबीन, तूर, हरभरा, कपाशी असं सगळंच उभं आहे. त्यांनी काय घोडं मारलंय?

सल्ल्याचा मान राखायला काळविटांकडेही जाऊन आलो. कारंजा-सोहोळ अभयारण्य आमच्या शेजारचंच. काळवीट मोटारसायकल चालू असेपर्यंत रुबाबात उभा राहतो. स्टँड लावला की जातो. रजिस्टरात त्या दिवसाचं पान आहे. खाली भरपूर गवत, वर भरपूर आभाळ, मध्ये एक तपकिरी ठिपका. त्याखाली मी लिहिलं आहे, 'हा तोच.' पाहुणे विचारतात, "कोण?"

ऋतूंचाही एक धाक आहे. मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा कुणीही फोटोग्राफर होतो, त्याचं श्रेय पळसाला. एप्रिल लागला की सकाळी अकरानंतर फोटोत नुसतं ऊन येतं. मे महिन्यात तर फोनच सांगतो की मी फार तापलो आहे, आता कॅमेरा बंद. त्या वेळी मानोऱ्यात सगळ्यांचंच तेच म्हणणं असतं, म्हणून मी फोनावर रागावत नाही. दोघंही कूलरपुढे जाऊन पडतो.

पण खरी अडचण जागेची नाही की उन्हाची नाही. ती हेतूची आहे. मी कुणाच्या घराकडे, विहिरीकडे, धुऱ्याकडे फोन वळवला की पहिला प्रश्न येतो, "सर, कोणत्या योजनेचा फोटो हाये?"

हा प्रश्न कुणी गमतीनं विचारत नाही, त्यामागे अनुभव आहे. आमच्या भागात फोटो म्हणजे पुरावा. घरकुलाचा हप्ता जोत्याच्या फोटोवर सुटतो, त्यापुढचा भिंतीच्या फोटोवर. शौचालयाचं अनुदान, शौचालयाच्या दारात गंभीरपणे उभ्या असलेल्या लाभार्थ्याच्या फोटोवर. नोकरीत असताना मीही पोषण आहाराच्या पंगतीचे आणि वृक्षारोपणाचे फोटो काढून वर पाठवले आहेत. एका रोपट्याला डझनभर हात लागलेले, आणि रोपटं मात्र कुणाच्या तरी कोपराआड. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि शेतकरीच छायाचित्रकार झाला. पूर्वी पेरा तलाठी लिहायचे. आता आपण वावरात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो घ्यायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढतं. ज्यांनी घरच्या लग्नातसुद्धा कधी कॅमेरा हातात धरला नाही असे म्हातारे सोयाबीनच्या तासात वाकून, वारा सुटला की सोयाबीनलाच "हालू नको ना बाप्पा" म्हणताना मी पाहिले आहेत. रोहयोच्या कामावर २०२३ पासून हजेरी फोटोवर आली, तीही दिवसातून दोनदा. जो फोटोत नाही तो कामावर नाही. अतिवृष्टी झाली की पंचनामा, म्हणजे काळ्या पडलेल्या शेंगांचं झाड उपटून हातात धरलेला माणूस, पाय चिखलात. 'जीपीएस फोटो' हा शब्द आता आमच्याकडे आजीबाईंच्याही तोंडी आहे. खालच्या पट्टीत अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. ती पट्टी नसली तर फोटो कितीही देखणा असो, कामाचा नाही.

अशा गावात कुणी 'सहज काढतो' म्हणाला तर त्यावर विश्वास कसा बसावा? एका घराची निळी भिंत आणि तिच्यावर कलतं पडलेलं ऊन मला आवडलं. फोटो काढून घरी आलो. संध्याकाळी घरमालक आधार कार्डाची झेरॉक्स आणि बँकेचं पासबुक घेऊन हजर. "सर, नाव लागलं का?"

मी म्हटलं, "भाऊ, मला तुमच्या भिंतीचा रंग आवडला."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. रंग आवडण्याची योजना केंद्राची की राज्याची, याचा ते अंदाज घेत असावेत. मग चहा घेतला, फोटो पाहिला, "बरी दिसून राहिली भिंत," म्हणाले आणि जाताना झेरॉक्स ठेवूनच गेले. "असू द्या सर. पुढं-मागं कामी पडते."

पुराव्याखालोखाल फोटोचा दुसरा उपयोग म्हणजे फ्लेक्स. आमचं कायमचं कलादालन ते. मधोमध वाढदिवसाचे भाऊ, डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन, चेहरा मूळ रंगाहून बराच उजळ. त्यांच्या डोक्यावर वरिष्ठ नेते गोलात, खाली शुभेच्छुक ओळीत. कोणाचं तोंड केवढं ठेवायचं याचं तारतम्य जो सांभाळतो त्या फ्लेक्सवाल्याला मी या तालुक्यातला सर्वांत जाणता राजकीय अभ्यासक मानतो. या भाऊंचा फोन कानाला असतो, पण बघणं समोर असतं, म्हणून पलीकडे बोलणारं कुणी असेल असं मला वाटत नाही.

तर पुरावा आणि फ्लेक्स यांच्या मधली अरुंद जागा माझ्या छंदाला मिळाली.

फोटो शिकवणारे व्हिडिओ मी मन लावून पाहतो. ते एकजात सांगतात, माणसाला कळू देऊ नका. कामात असताना टिपा, तेव्हा तो खरा दिसतो. भाजीवालीचा तराजू, लोहाराच्या कपाळावरचा घाम, कापूस वेचणारी बोटं. आता मानोऱ्याच्या आठवडी बाजारात मी कुणाला न कळता फोटो काढणार कसा? निम्म्या बाजाराला मी पाढे शिकवलेत. फोन खिशातून निघाला की त्या ओळीतला धंदा थांबतो. भाजीवाल्या मावशी तराजू खाली ठेवतात. डोक्यावरून पदर घेतात. टोमॅटोच्या ढिगातला नासका टोमॅटो मागे सरकवतात. मग दोन्ही हात मांड्यांवर ठेवून समोर बघतात, चेहऱ्यावरचं हसू होतं तेवढं पुसून. मी म्हणतो, "मावशी, तुमचं चालू द्या ना."

"चालू कसं देऊ? फोटो काढून राहिले ना तुमी?"

व्हिडिओवाले याला अवघडलेपण म्हणतील. मला तसं वाटत नाही, आणि माझ्या बाजूनं साक्षीला मी पॅरिसचा एक माणूस उभा करतो. १८३८ मध्ये लुई दागेर यानं उंचावरच्या खिडकीतून बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता भर वर्दळीचा. गाड्या, घोडे, पायी चाललेली माणसं. पण त्या वेळी प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत, आणि जे हलत होतं ते उमटलंच नाही. फोटोत सबंध रस्ता ओस पडलेला दिसतो. फक्त कोपऱ्यात एक गृहस्थ आहे. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून तो उभा होता, म्हणून उरला. फोटोत आलेला जगातला पहिला माणूस बहुधा तोच. नाव-गाव कुणालाच माहीत नाही. पॉलिश करणाराही तिथंच आहे, पण धूसर; त्याचे हात चालू होते.

आज कॅमेऱ्याला सेकंदाचा बारीकसा तुकडाही पुरतो. पण थांबेल तो उरेल, हा जो कॅमेऱ्याचा पहिला कायदा होता तो आमच्या मावशींनी अजून पाळलेला आहे. आणि ऐन बाजारात गिऱ्हाईक उभं असताना थांबणं काही फुकट नसतं.

सोंगणीच्या दिवसांत हे मला फार जवळून दिसलं. वाटेवरच्या एका वावरात बायका सोयाबीन सोंगत होत्या. सोयाबीनच्या वाळल्या शेंगा अंगाला टोचतात, म्हणून लुगड्यावरून घरधन्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा. 'फोटो काढू का?' म्हटल्याबरोबर विळे थांबले. पण एकही जण कॅमेऱ्याकडे वळेना. आधी सगळ्या धुऱ्यावरच्या कॅनकडे गेल्या. हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. मग शर्टाच्या गुंड्या सुटल्या. शर्ट काढून गंजीवर टाकले गेले, खालून हिरवी, जांभळी, मोतिया लुगडी बाहेर आली. दुपट्टे सुटले, केस सारखे झाले, एकीनं दुसरीचं कुंकू नीट केलं. थोरलीला मध्ये घेऊन ओळ लागली, आणि जिच्या हातात अजून विळा होता तिनं तो पाठीमागे नेला. वावरवाले लांबून ओरडले, "सर, माह्या मजुरीचे धा मिनटं गेले!" ओळीतून कुणी मान वळवली नाही.

व्हिडिओवाल्याला यातला फक्त विळा हवा होता. त्यांनी नेमका तोच लपवला. कामाचे फोटो त्यांचे निघतातच, मस्टरसाठी निघतात, योजनेसाठी निघतात. त्या फोटोंत मजूर असतो, लाभार्थी असतो, नुकसानग्रस्त असतो. हा कशाचाच पुरावा नाही म्हटल्यावर त्यांना त्यात आपण हवे होतो, धुतल्या तोंडाचे आणि रिकाम्या हातांचे. ताठ उभं राहणं ही त्यांची त्या दिवसातली बसल्याजागी मिळालेली सुट्टी होती.

पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. सेवालाल महाराजांच्या समाधीचं ठिकाण, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला राज्याराज्यांतून तांडे लोटतात. नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही तिथं उभं राहिलं. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. यात्रेत मोठमोठी भिंगं लावलेली पोरं लांबून, झाडाआडून, फेटिया-कांचळीतल्या म्हाताऱ्या बायांवर नेम धरून असतात. मी जवळ जाऊन एका आजींना 'याडी', म्हणजे आई, अशी हाक मारून विचारलं, "फोटो काढू?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत तपासलं. "काढ. पण मले दाखव. आन् कागदावर दे."

ओढणी सारखी झाली, पाठ ताठ झाली, हातभर बांगड्या पुढे घेतल्या गेल्या. घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहू लागलो. कांचळीभर आणि ओढणीच्या काठाला आरशांचे तुकडे. बोटांनी ताणत गेलो तसं लक्षात आलं, की आरशांमध्ये कुणीतरी आहे. बुटका, वाकलेला, दोन्ही हात डोळ्यांसमोर धरलेला. एका आरशात तोच, शेजारच्यात तोच, थोडा तिरका. त्यांच्या एका फोटोत माझे किती फोटो निघाले ते मोजणं मी सोडून दिलं. झाडाआडून भिंग लावणाऱ्याला आरशात नुसतं ऊन मिळणार. आत यायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागतं.

इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. देशभरातल्या लोकांची शेकडो छायाचित्रं, आणि बहुतेकांखाली नाव आहे ते जातीचं नाहीतर जमातीचं. माणसाचं नाव विचारावं असं क्वचितच वाटलेलं दिसतं. तोही मस्टरचाच फोटो म्हणायचा, फक्त मस्टर मोठं. आयुष्यभर वर्गात हजेरी घेतलेल्या माणसाला हे खटकतं. हजेरी घ्यायची तर नावानं. माझ्या रजिस्टरात याडींच्या फोटोखाली त्यांचं नाव आहे, आणि एक प्रत त्यांच्या तांड्यावर पोचली आहे.

प्रत द्यायची म्हटल्यावर स्टुडिओवाल्याशी दोस्ती झाली. त्याच्या आतल्या खोलीत आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा आहे, पावडरचा डबा आहे आणि खिळ्याला एक काळा कोट आहे. मागून तो उघडाच असतो, म्हणून सडपातळ पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना बसतो. टायची गाठ कायमची मारलेली, मागे इलॅस्टिक. मी त्याला मुंबईची जुनी गोष्ट सांगितली. १८५४ मध्ये तिथं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, हौशी लोकांची, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजीही त्या मंडळींत होते. १८५६ पासून दोन वर्षं 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' दर महिन्याला निघत असे, खरेखुरे फोटो चिकटवलेला. रजिस्टरात फोटो डकवण्याचा मान त्यामुळे माझा नाही. तो अल्बम काढणाऱ्यांपैकी विल्यम जॉन्सन यानं पुढे १८६३ मध्ये मुंबईतल्या नाना जातिजमातींच्या लोकांवर पुस्तक काढलं, आणि त्यासाठी वेगळी काढलेली माणसं कापून भलत्याच देखाव्यांवर बसवली. स्टुडिओवाल्याचा चेहरा उजळला. "म्हणजे सर, आपलं काम जुनं हाये!"

कारण त्याचं अर्धं काम तेच आहे. गावात कुणी गेलं की घरची माणसं लग्नाचा ग्रुपफोटो नाहीतर आधार कार्ड घेऊन त्याच्याकडे येतात. वऱ्हाड्यांच्या गर्दीतून डोकं तेवढं अलगद उचललं जातं, मानेखाली कोट बसतो, मागे निळं आभाळ येतं. जन्मभर धोतर-टोपीत वावरलेले म्हातारे तेरवीच्या दिवशी सुटाबुटात भिंतीवर चढतात. नातू विचारतो, हे कोण साहेब?

हल्ली त्याच्याकडे जाण्याआधी काही जण माझ्या दारावरून जातात. "सर, आमच्या बाबाचा तुमच्या रजिस्टरात असन ना एखादा?" कधी असतो. बाजारात उभे, टोपी जागेवर, पिशवीतून मेथीची जुडी डोकावलेली. मेथी काढून टाकू का, असं स्टुडिओवाला विचारतो. घरचे म्हणतात, राहू द्या. एका आजोबांनी तर आगाऊच सांगून ठेवलं आहे. "मास्तर, माह्या एक चांगला काढून ठेव. टोपीसहित. त्या स्टुडिओवाल्याले कोट घालू देऊ नको मले." त्यांचा फोटो काढून झाला, मोठा करून झाला. आजोबा ठणठणीत आहेत, आणि अधूनमधून नवा काढायला येतात. मागच्यात म्हणे ते म्हातारे दिसतात.

एका पावसाळी दुपारी रजिस्टर पहिल्यापासून चाळत बसलो. गाव होतं, बाजार होता, सोंगणी होती, याडी होत्या, निळी भिंत होती, काळवीट होता असं मी म्हणतो. घरची माणसं शोधू लागलो तर मुलगी सापडली, जावई सापडले, नातू तर पानोपानी. ही मात्र कुठंच नाही. एका पानावर चहाचा कप पुढे करणारा हात आहे, दुसऱ्यावर दारातून आत जाणारी पाठ. जुने अल्बम काढले. मुलीच्या वाढदिवसांत केक आहे, फुगे आहेत, कागदी टोपी घातलेला मी आहे. ही आतून सुरी आणायला गेलेली. लग्नाच्या पंगतीत वाढणारं मनगट आहे, त्यावरच्या पाटल्या मी ओळखतो. दागेरच्या रस्त्यावरची वर्दळ अशीच गेली असणार. ती माणसं तिथंच होती, फक्त कामात होती. पॅरिसचा तो गृहस्थ फोटोत उरला, कारण त्या घटकेला त्याचं काम दुसरं कुणी करत होतं. घरोघरचे अल्बम याच नियमानं भरलेत.

म्हटलं, "जरा बस, फोटो काढतो."

"आत्ता? कुकर लावला ना मी."

"शिट्ट्या होऊ दे मग."

"मंग पोळ्या हायेत."

पोळ्यांनंतर ओटा होता, ओट्यानंतर नळ येण्याची वेळ. शेवटी गॅस मीच बंद केला आणि खुर्ची उजेडात ठेवली. ही आत जाऊन लुगडं बदलून आली, बसली आणि मला विचारलं, "कायच्यासाठी काढता?" गावाला देतो तेच उत्तर दिलं, सहज. तिनंही गावासारखंच माझ्याकडे पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले. मी उजेड बघत राहिलो, कोन बदलत राहिलो, फोन पुसला, पुन्हा उजेड बघितला. फोटो पहिल्याच खेपेला मिळाला होता.

हा छंद कुणाला लावून घ्यायचा असेल तर माझं सांगणं थोडकं आहे. फोन कोणताही चालतो. उजेड सकाळचा बरा, हे व्हिडिओवाले सांगतात ते खरं. पण सुरुवात काळविटापासून करू नका, बाजारापासूनही नको. तुमच्या घरातलं जे माणूस कुठल्याच अल्बमात सापडत नाही त्याच्यापासून करा. गॅस स्वतः बंद करा, खुर्ची स्वतः मांडा, तयार व्हायला लागेल तेवढा वेळ द्या, आणि 'नॅचरल हसा' असं चुकूनही म्हणू नका. फोटो थोडा हलला तरी बिघडत नाही. माणूस खुर्चीवरून उठता कामा नये.